चौथं पान

१९९१ साल. त्या ऑगस्टमध्ये आमच्या लाओसच्या राजमुद्रेवरून कोयता आणि हातोडा काढला आणि त्यांच्या जागी थाट लुआंगचा सोन्याचा स्तूप घातला. थाखेकच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचे, त्यामुळे भिंतीवरची मुद्रा बदलायचं काम माझ्याकडे आलं. भाताच्या लोंब्या, दातेरी चाक, धरण, रस्ता, रान हे सगळं तसंच ठेवायचं होतं. फक्त वरचा भाग चुन्याने पुसायचा होता.

माझी थोरली बहीण बुआलाय चिकट भाताची टोपली घेऊन यायची आणि शिडीखाली बसून राहायची.

"तुझा स्तूप दुध्या भोपळ्यासारखा झालाय," ती म्हणाली. "मुलं भाजी समजतील."

मग बराच वेळ ती वर बघत राहिली. तिचा नवरा, त्याचं नाव सिसावात, राजाच्या पोलिसांत कारकून होता. पंच्याहत्तर साली राजाला हटवून कम्युनिस्ट आले; त्यांनी सिसावातला पंधरा दिवसांच्या शिकवणीच्या शिबिराला म्हणून उत्तरेकडे नेलं, तो परत आला नाही. लग्नानंतर तो तिला दरवर्षी थाट लुआंगच्या जत्रेला न्यायचा.

"कोयत्याने नेला त्याला," ताई म्हणाली. "आता कोयताच गेला. स्तूप त्याला आणील."

मी शिडीवरून उतरले नाही.

तिची मुलगी मानिवोन फ्रान्सला असते. तीन वर्षं खटपट करून तिने आईसाठी व्हिसाचे कागद मिळवले होते, ते सप्टेंबरअखेरपर्यंतच चालणार होते. त्या रात्रीच्या जेवणाला ताईने सांगून टाकलं की ती जाणार नाही. तो येईल आणि दाराला कुलूप बघेल, हे तिला चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने त्याची मच्छरदाणी धुऊन वाळत घातली, तो आल्यावर कापायला एक कोंबडा विकत आणला आणि शेजारणीला बजावलं की हा विकायचा नाही.

मला खरं ठाऊक होतं. पंच्याऐंशीच्या सुरुवातीला शिबिरातून सुटून आलेला होम्फान मला भेटला होता. भाऊजी एकोणऐंशीतच तापाने गेले, त्यानेच त्यांना पुरलं होतं. ताई तेव्हा नुकती आजारातून उठली होती. वाट बघण्याच्या आधारावरच ती उभी होती. जरा बरी झाली की सांगू म्हणत मी गप्प राहिले आणि मग गप्प राहायची सवयच झाली.

आमच्या पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरातल्या अमावास्येला आम्ही आमच्या मेलेल्यांसाठी केळीच्या पानात भात बांधून पहाटे विहाराच्या अंगणात जमिनीवर ठेवतो. त्या दिवशी ते भुकेले येतात. ताई आई, बाबा आणि आजी अशी तीनच पानं बांधायची. सिसावातचं पान बांधणं म्हणजे त्याला मारणं, असं ती म्हणे. ती गेल्यावर मी झाडामागे चौथं ठेवून यायचे.

त्या वर्षी मी ते तिच्यासमोर ठेवलं. तोंडाने सांगायचं धैर्य नव्हतं आणि कागदांची मुदत संपत आली होती.

"हे कुणाचं?" तिने विचारलं. मग वाकून पान उघडलं. भातावर वाळवलेल्या म्हशीच्या मांसाचा तुकडा आणि एक सिगारेट होती, तो ओढायचा तीच.

ती खाली बसली.

"किती वर्षं ठेवतेयस?"

"सहा."

"सहा वर्षं तू माझ्या नवऱ्याला जेवू घातलंस," ती म्हणाली, "आणि मी त्याला उपाशी ठेवला."

मी म्हटलं, ताई, आता मानिवोनकडे जा. तिने मान हलवली. एवढ्या वर्षांची भूक राहिलीय त्याची, ती फ्रान्सच्या कुठल्या जमिनीवर वाढू, असं विचारलं. सप्टेंबर संपला.

ताई त्यानंतर सात वर्षं जगली. दर अमावास्येला त्याच्यासाठी भात बांधायची आणि माझ्याशी कामापुरतं बोलायची. कोंबडा म्हातारा होऊन मेला. होम्फान नदीपलीकडे थायलंडला मुलाकडे गेला, तिथेच वारला. मानिवोन २००४ मध्ये आली. आई का आली नाही, हे तिने मला विचारलं. मी काही लपवलं नाही. तिने ऐकून घेतलं, हात जोडले आणि रात्री माझ्याकडे न राहता हॉटेलात झोपायला गेली. तेव्हापासून तिचं पत्र नाही.

मी निवृत्त झाले. एकटीच राहते.