सोयाबीनचं दूध आणि मेलेल्या गायी

आमचा म्हातारा, म्हणजे माझा नवरा कार्येइजा, जन्मभर दुधावर जगला. सकाळी चरवी, दुपारी चरवी, संध्याकाळी चरवी. तोंडात दात चारच, पण चावायची वेळच कधी आली नाही. यंदा मात्र दूध प्यायलं की पोट फुगायचं आणि आत नगारे वाजायचे. दवाखान्यातली नर्स तुशाबे पेला घेऊन घरी आली आणि म्हणाली, "बाबा, दूध तीन महिने बंद. तुम्हाला आता पचत नाही. सोयाबीनचं दूध घ्या, त्यानं ताकद येते."

"सोयाबीन म्हणजे काय?"

"घेवड्यासारखंच असतं. भिजवायचं, वाटायचं, उकळून गाळायचं."

झालं! आमच्या गुराख्यांत घेवडा खाल्ला त्या दिवशी दूध शिवायचं नाही. दोन्ही एका पोटात गेली, की गायीची कास सुजते आणि गाय मरते. आणि इथे तर बाईनं एकाच पेल्यात दोन्ही आणलेलं.

"माझी बिहोगो गाय महिन्याभरात व्यायची आहे," म्हातारा ओरडला. "तिला मारायला निघालीस होय गं?"

"अहो बाबा, यात गायीचं दूध नाहीच!"

"मग दूध कशाला म्हणतेस?"

"बरं, सोयाबीनचं पाणी म्हणा."

"पाण्यावर कुणी जगतं का?"

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला हात लावला. पेला घेऊन म्हातारा गोठ्यात गेला आणि बिहोगोलाच विचारलं, "बाई, पिऊ का?" बिहोगोनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"बघ, नाही म्हणाली," म्हातारा मला म्हणाला आणि पेला ओतून दिला.

बारा दिवस तो जेवलाच नाही. बाजरीची पेज दिली तर म्हणे, हे कोंबड्यांचं खाणं. गालांची हाडं वर आली, उठायला माझा खांदा लागायला लागला. मी रोज सोयाबीन वाटायची आणि रोज ते नासून जायचं. तेराव्या दिवशी त्यानं अंथरुणावरून हातही उचलला नाही. मी घाबरले. इतकी, की चाळीस वर्षं दाबून ठेवलेलं भडाभडा बोलून गेले.

"अहो, ऐका. मी घेवडा खाते. लग्न झाल्यापासून. शेजारणीकडे जाऊन दुपारी खाते आणि संध्याकाळी घरी येऊन तुमच्याबरोबर दूध पिते. कुठली गाय मेली, सांगा!"

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. मग कोपरावर उठून बसला, तेही एकट्यानं.

"कुठली मेली?" तो म्हणाला. "गाजू मेली! लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी! कास अशी टम्म सुजली होती!"

"तिला साप चावला होता."

"साप! आणि मायेंजे? ऐन पावसात गेली ती? तीही तूच खाल्लीस, अवदसे! मी त्या सापाला उगाच ठेचला!"

नावांमागून नावं आली. तिसऱ्या वर्षाची, चौथ्या वर्षाची, शिंग मोडलेली, तांबडी, कपाळावर चांद असलेली. सातव्या वर्षापाशी त्याला धाप लागली. बोलून बोलून घसा कोरडा पडला. घसा धरून तो हातानं खुणावायला लागला.

"काय हवंय?"

"ते दे इकडे," तो पेल्याकडे बोट दाखवत म्हणाला. "दूध असो नाहीतर विष असो. एवढ्यानं सुटशील असं समजू नकोस. अजून तेहेतीस वर्षं बाकी आहेत."

घटाघटा प्यायला. तोंड पुसलं आणि आठव्या वर्षाला लागला.

बिहोगो व्याली, कालवड झाली, दोघी धडधाकट आहेत. म्हातारा म्हणतो, तो योगायोग. रोज तीन पेले पितो आणि मला शिव्या घालतो. काल तिसाव्या वर्षापर्यंत पोचला तेव्हा माझ्या लक्षात आलं, वर्षं संपली की पेलाही संपणार. मग मी हळूच म्हटलं, "अहो, दहाव्या वर्षीची ती काळी विसरलात की."

काळी गाय आमच्याकडे कधी नव्हतीच. म्हाताऱ्यानं डोळे वटारले, पेला पुढे केला आणि पुन्हा दहाव्या वर्षापासून सुरुवात केली.