अडखळलेलं पाऊल

मऊ कापडावर थेंबभर द्रावण घेऊन फिल्म संग्रहालयातली ती तंत्रज्ञ एका जुन्या रिळाचं शेवटचं टोक पुसत होती, तेवढ्यात त्या फिल्मच्या दिग्दर्शकांची मुलगी काठी टेकत आत आली. वय चौऱ्याऐंशी, पण खुर्ची पुढे केली तरी म्हातारी आधी टेबलावर वाकली.

"आजी, बरं झालं आलात. याचा उरलेला तुकडा तुमच्या घरी आहे का हो? सहा महिने शोधतेय."

सात मिनिटांचा मूकपट. चार वर्षांची पोर अंगणातून कॅमेऱ्याकडे धावत येते, अडखळते आणि पडदा पांढरा होतो. पडणं न दाखवण्यातच दिग्दर्शकाची प्रतिभा, असं सांगत पंडितांनी पानंच्या पानं भरली होती. रीळ पुसणाऱ्या हिला आपला वेगळाच संशय, फिल्म तुटल्याचा.

"तुकडा नाहीच. ती पोर मी," आजी म्हणाल्या. "बाबा पांढरी चादर धरून माझ्या तोंडावर ऊन पाडत होते. कॅमेऱ्याचं हँडल आई फिरवायची. शिवणयंत्रावर बसलेला हात तिचा, लय सुटायची नाही. मी अडखळले आणि तिने हँडल सोडलं."

"बाबा चिडले असतील."

"चिडले की. मग फिल्म धुऊन पडद्यावर पाहिली. म्हणाले, याहून चांगला शेवट मला सात जन्मांत सुचला नसता. तिचं नाव घालणार होते, तर आईच म्हणाली, लोक हसतील."

फिल्म लोकांना दाखवण्यासाठीचं संमतीपत्र टेबलावर होतं, ते आजींनी पुढे सरकवलं. 'कॅमेरा : दिग्दर्शक स्वतः' या ओळीवर त्यांचं बोट होतं.

"बाबांचं काही कमी करायचं नाही मला. पण ही ओळ राहिली तर माझी सही मिळणार नाही."

ती ओळ हिनेच जुन्या पुस्तकातून डोळे झाकून उतरवली होती. तिला मनापासून लाज वाटली. तिने ओळ खोडली आणि पेन आजींच्या हातात दिलं. आजींनी आईचं पूर्ण नाव सावकाश लिहिलं, खाली सही केली.

"आता एकदा दाखव."

दिवा घालवून तिने फिल्म लावली. पोर धावत आली, अडखळली. शंभरदा पाहूनही पोरीला सावरायला हिचा हात आपसूक पुढे झाला. पडदा पांढरा झाला.

"खूप लागलं होतं का, आजी?"

"लागतंय कशाला? पडले कुठे मी?"