नरहरी तांडेलाचा ट्रक

होळीनंतर समुद्रकाठच्या नवापूरच्या नरहरी तांडेलाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. जीभ तेवढी शाबूत राहिली, हे मंदाचं नशीब, असं तो स्वतःच सांगायचा. मंदा म्हणजे त्याची बायको.

श्रावणात ती बोईसरला माझ्याकडे आली. पिशवीत रिमोटवर चालणारा खेळण्यातला ट्रक, चांगला हातभर लांब. असले ट्रक मी दुरुस्त करते. एमआयडीसीत अकरा वर्षं विजेच्या मोटारींचं वाइंडिंग केलं, तारा गुंडाळल्या. बाकीचं खोलून आणि जाळून शिकले.

"ताई, ह्याच्यावर नारळ जाईल का?"

मला वाटलं, खेळ असेल. खेळ नव्हता. त्यांच्या घरात नारळी पुनवेला समुद्राला नारळ देतो तो तांडेल, होडीचा म्होरक्या. तीस वर्षं नरहरीने दिला. यंदा पुतण्या प्रीतम देणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. नरहरीचीही ना नव्हती. पण त्याला शेवटचा नारळ स्वतःच्या हाताने द्यायचा होता आणि मग होडी प्रीतमच्या हवाली करायची होती. रस्ता संपतो तिथून पाण्यापर्यंत चाळीसेक पावलं वाळू. चाकांची खुर्ची वाळूत रुतते. पोरं म्हणाली, उचलून नेतो. तर म्हणाला, "चौघांनी उचलून न्यायचा दिवस येल तवा येल. आज नाय."

मी ट्रक उघडला. मागच्या चाकांना दोन मोटारी, दोन्ही थकलेल्या. त्या बदलल्या. रिमोटला दोन दांड्या होत्या, डावी पुढेमागे करायला, उजवी वळवायला. त्याला हात एकच, म्हणून वळवायच्या तारा काढून डाव्या दांडीवर आणल्या. एका अंगठ्यात सगळं. मग बॅटरी. होती एक, मी दुसरी घातली आणि इथेच चुकले. दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडल्या की व्होल्ट दुप्पट होतात, मोटर सुसाट पळते. शेजारीशेजारी जोडल्या तर पळ तेवढाच, पण दम टिकतो. मी सुसाट निवडलं. नारळ जड, वाटलं जोर लागेल. अंगणातल्या फरशीवर वीट ठेवून पाहिलं, असा पळाला की शेजारची रूपल पाय वर घेऊन ओरडली. मी खूश. बोईसरच्या बाईने वाळूचं काम फरशीवर तपासलं, दुसरं काय!

पुनवेला सकाळी अकराला सगळे जमले. नरहरी रस्त्याच्या टोकाला खुर्चीत, धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. नारळाला सोनेरी कागद. मंदाने तो ट्रकवर ठेवला, कुंकू लावलं.

"बाय, हा मध्येच माझ्यासारखा आडवा तर नाय ना व्हनार?" त्याने मला विचारलं.

"नाही होणार, तांडेल."

त्याने अंगठ्याने दांडी पुढे लोटली. ट्रक निघाला. दहा पावलं, वीस. कुणीतरी शीळ घातली. सुकी वाळू ओलांडून ओलसर चिखलट पट्ट्यात शिरला आणि चाकं गरागरा फिरली, फिरली, आणि खड्डा करून त्यातच बसली. पाणी अजून पंधरा पावलं लांब. एक बारीक घरघर, मग तीही बंद. मला कळलं. तापल्यामुळे ट्रकच्या आतल्या कंट्रोलरने मोटारींची वीज तोडली होती. आता निवेपर्यंत दांडी कितीही दाबा, ट्रकला काहीच पोचणार नव्हतं.

प्रीतम धावला. "काका, मी ढकलतो, एक हात फक्त—"

"हात लावशील तर बघ!"

प्रीतम जागीच थांबला. मी खुर्चीशेजारी बसले. दम हवा होता तिथे मी वेग दिला, हे सांगायला तोंड उघडलं. नरहरी माझ्याकडे बघतच नव्हता. समुद्राकडे बघत होता.

"आज पुनवेची भरती. बाराला वर चढते," तो म्हणाला. "मी न्हेतो अर्ध्यावर, अर्ध्यावर ती येल."

अंगठा दांडीवरून हलवला नाही त्याने. पुढे दाबलेलाच. दहा मिनिटं, वीस. अंगठा पांढरा पडला. मंदा म्हणाली, "जरा सोडा ना, दमला हात." तर म्हणाला, "सोडला तर मी दिला कसा म्हनू?"

वीज तुटलीय हे मला एकटीला माहीत होतं. मीही समुद्राकडे बघायला लागले.

पहिली लाट चाकांपाशी येऊन मागे गेली. दुसरीने ट्रक हलवला. तिसरी कंबरेएवढी आली. ट्रक उलटा झाला, नारळ सुटला, दोनदा बुडाला, वर आला आणि मग परतणाऱ्या लाटेबरोबर आत, आत, सोनेरी ठिपका होऊन गेला. मंदाने हात जोडले.

नरहरीने अंगठा उचलला. तो सरळ होईना. मंदा पदरात धरून चोळत राहिली.

"प्रीतम," तो म्हणाला, "उद्या होडी काढ. आणि मला विचारायला येऊ नको, आता तू तांडेल."

प्रीतम खाली वाकला. नरहरीने डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला, अंगठा अजून वाकलेलाच.