मागच्या चाकाचा नट

दादा स्वतःहून गाडी दुरुस्त करायला धाकट्याकडे आला, हेच आधी पचायला जड होतं. दोघेही मेकॅनिक. रस्त्याच्या त्या टोकाला दादाचं गॅरेज, या टोकाला धाकट्याचं, आणि गेल्या अकरा वर्षांत दादा इकडे फिरकला तो फक्त चहा प्यायला आणि चुका काढायला. पाने असे टांगतात का, तेलाचा डबा असा उघडा ठेवतात का. धाकटा पन्नाशीला टेकला होता, डोक्याला टक्कल पडलं होतं, तरी दादा दारात दिसला की त्याचे हात आपोआप पँटला पुसले जायचे. हातात पहिला पाना दिला तो दादाने, आणि चुकल्यावर पाठीत धपाटे घातले तेही त्यानेच.

त्या सकाळी दादाने आपली जुनी मोटरसायकल आत आणून स्टँडवर लावली आणि तिच्याकडे न बघताच सांगून टाकलं, की मागचा टायर गुळगुळीत झालाय, बदलायचाय, पण चाकाचा नट जाम बसलाय. तीन दिवस तेल पाजलं, ठोकून झालं, पण पठ्ठ्या हूं की चूं करत नाही. उद्या तुझ्या वहिनीला मागे बसवून तिच्या बहिणीकडे जायचंय, साठ किलोमीटर, म्हणून नाइलाजाने आलो. नाहीतर माझ्या गाडीला मी दुसऱ्याचा हात लावू देतो का?

देत नव्हता, हे अगदी खरं होतं. या गाडीचा आरसासुद्धा धाकट्याने कधी फिरवला नव्हता. त्यामुळे आतून त्याला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला. आज दादासमोर दादाचाच नट सोडून दाखवायचा होता.

तो खाली बसला. नट तेलात न्हाऊन निघाला होता आणि त्याच्या कोपऱ्यांवर पाना निसटल्याच्या ताज्या खुणा होत्या. दादाचा पाना निसटतो? धाकट्याला जरा नवल वाटलं, पण नट हट्टी असेल तर कुणाचाही निसटेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. जाम नटाशी भांडायचं नाही, त्याला कंटाळा आणायचा, ही दादाचीच शिकवण. आधी हलकेच हात लावून अंदाज घ्यायचा, मग किंचित उलटा आवळायचा, म्हणजे आतला गंज तुटतो, मग ठोकायचं, तापवायचं, आणि शेवटी पान्याला पाईप जोडून जोर लावायचा. त्याने पाईप जवळ ओढून ठेवला, पाना नटावर बसवला आणि अंदाज घ्यायला एका हाताने सहज ओढला.

नट फिरला. बरणीचं झाकण फिरावं तसा, गुपचूप.

धाकट्याला खोकला आला. आला म्हणजे त्याने आणला, चांगला मोठा, आणि खोकता खोकता नट होता तिथे परत नेऊन ठेवला. मान वर करायची त्याची छाती होईना. समोर स्टुलावर बसलेल्या दादाचा उजवा हात तेवढा त्याला दिसत होता. मांडीवर नुसता पडलेला, बोटं अर्धी वळलेली. दादा हल्ली चहाचा कप डाव्या हाताने उचलतो, हे त्याने चार वेळा पाहिलं होतं आणि चारही वेळा सोडून दिलं होतं.

"खरंच जाम आहे रे दादा," तो म्हणाला.

आणि मग त्याने जे नाटक केलं, त्याला तोड नाही. पुन्हा तेल सोडलं. हातोडीने चहूबाजूंनी टकटक केली. पाईप जोडून असा काही लोंबकळला, की बघणाऱ्याला दया यावी. दात खाल्ले, नटाला दोन शिव्याही हासडल्या. घाम मात्र खरा होता. ज्या हाताच्या धाकात आपलं सगळं बालपण गेलं, त्या हातात आता बरणी उघडण्याइतकाही जोर नाही, हे त्याच्या काळजाला लागलं होतं.

दादा मात्र खुलला. तो सूचना देऊ लागला, नटांच्या नावाने बोटं मोडू लागला. हल्लीचं लोखंडच वाईट म्हणे. गेल्या दोन महिन्यांत एक नट धड सुटला नाही. जणू सगळ्या गावाच्या गाड्यांनी एकाच मुहूर्तावर गंजायचं ठरवलं होतं. आणि बोलण्याच्या भरात तो सांगून गेला, की मागच्या महिन्यात ट्यूब बदलली तेव्हा हा नट त्यानेच आवळला होता, होता नव्हता तेवढा जोर लावून, म्हणून तर एवढा घट्ट बसलाय. परवा नर्सबाईंच्या गाडीची दोन्ही चाकंही तशीच आवळून दिली.

धाकट्याची हातोडी थांबली.

होता नव्हता तेवढा जोर लावून आवळलेला नट त्याने आत्ताच एका हाताने फिरवला होता. त्याच नटावर दादा महिनाभर हिंडला होता आणि उद्या वहिनी मागे बसणार होती. हा एक नट गुपचूप आवळून टाकता आला असता. दादाचा मान राहिला असता, आपलीही सुटका झाली असती. पण नर्सबाई? आणि त्यांच्याआधी कोण कोण? ते फक्त दादाला ठाऊक होतं. एखाद्या वळणावर एखाद्याचं चाक निखळलं, तर या खोकल्याला काय किंमत राहिली असती?

"दादा, नट जाम नव्हता," तो म्हणाला. "पहिल्यांदाच सुटला. एका हाताने."

दादाने उजवा हात मांडीवरून उचलून डाव्या हातात धरला. मग म्हणाला, "तू खोकलास तेव्हाच."

म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. जाम नट सुटताना किंचाळतो, हे त्यानेच तर शिकवलं होतं. एवढा वेळ तो भावाचं नाटक बघत बसला होता, आणि का, ते त्याने मान खाली घालून सांगितलं. धाकटा झाकतोय तर झाकू दे, असं त्याला वाटलं होतं. तेवढेच आणखी चार दिवस निघाले असते. सोडायचे अवघड नट इकडे पाठवले असते.

"सोडायचं राहू दे रे," धाकटा म्हणाला. "ज्या हाताने सुटत नाही, त्या हाताने आवळला तरी कसा जाईल?"

हे दादाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जन्मभर त्याच्या हाताने आवळलेलं घट्टच असायचं, मग तपासायचं कशाला? त्याने पाना मागितला, खाली बसला आणि दोन्ही हातांनी, मानेच्या शिरा फुगेपर्यंत, तो नट आवळला. मग पाना धाकट्याच्या हातात दिला. धाकट्याला तो लावायचा नव्हता. दादाने मानेनेच सांगितलं, लाव. त्याने लावला, आणि नट आणखी अर्धा वेढा आरामात फिरला. दादाने तो अर्धा वेढा डोळे न मिटता पाहिला.

मग तो आठवून आठवून सांगू लागला. नर्सबाई. दूधवाला. शाळेतले चित्रकलेचे मास्तर. पाववाल्याचा जावई. नऊ गाड्या निघाल्या. टायर राहिला तसाच. धाकट्याने पाने पिशवीत भरले, गॅरेजचं शटर ओढून घेतलं आणि आपली गाडी काढली. वाटेत त्याने सुचवलं, की लोकांना मोफत तपासणी आहे म्हणून सांगू, बाकी मी बघतो. मागे बसलेला दादा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

नर्सबाई ड्युटीवर निघायच्या घाईत होत्या, किल्ली हातातच होती. धाकट्याने तोंड उघडायच्या आत दादा पुढे झाला.

"बाई, परवा तुमची चाकं मी बसवली. माझ्या हातात आता जोर नाही. ते मला माहीत होतं, तरी बसवली. हा माझा भाऊ. तो नीट आवळून देईल, मगच जा."

बाईंनी किल्ली पिशवीत ठेवली. धाकटा चाकापाशी बसला. मागचा नट सव्वा वेढा फिरला, पुढचा त्याहून जास्त. वर बाईंनी दादाचा हात आपल्या हातात घेतला होता, एकेक बोट दाबून बघत होत्या, आणि विचारत होत्या की हे कधीपासून. सख्ख्या भावाला जे सांगितलं नव्हतं, ते दादा त्यांना सांगू लागला, की दोन महिने झाले, तीन बोटं बधिर आहेत, शर्टाची बटणं सकाळी बायको लावून देते. खाली धाकट्याला डोळ्यांतल्या पाण्याने नट दिसेना, आणि त्याने तो हातानेच चाचपून पुन्हा एकदा आवळला.