वळणावरची वहिनी

वहिनीने आयुष्यात हलणाऱ्या माणसाचा फोटो काढला नव्हता. तिच्या दुकानात माणूस स्टुलावर बसायचा, हनुवटी जरा खाली, खांदे सरळ, आणि श्वाससुद्धा तिला विचारून घ्यायचा. बावीस वर्षं पासपोर्ट नि परवान्यांचे फोटो काढून तिने अर्ध्या गावाला चोर ठरवलंय, असं तिची नणंद म्हणायची.

ही नणंद म्हणजे भिंगरी. ती एका जागी थांबलेली कुणी पाहिलीच नव्हती, म्हणून खरं नाव घरातही कुणी घेत नसे. आठवडाभर दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची आणि रविवार आला की मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवायची. नऊ हंगाम पळवली आणि कायम पाचवी, नाहीतर सहावी आली. आता तिच्या गुडघ्यानेच हात टेकले होते. आजची शर्यत शेवटची, असं डॉक्टरांनी तिला निक्षून सांगितलं होतं आणि तिने रडत रडत कबूल केलं होतं.

नऊ वर्षांत तिचा गाडीवरचा एकही फोटो नव्हता. पेपरवाले पहिल्या तिघींच्या मागे लागायचे. भिंगरी दिसलीच तर दुसरीच्या फोटोत, कोपऱ्यातलं अर्धं चाक म्हणून.

"वहिनी, एक फोटो काढ. एकच," ती म्हणाली होती. "म्हातारपणी लोकांना काय दाखवू? गुडघ्याचा एक्स-रे?"

वहिनी हो म्हणून बसली. आणि आता ट्रॅकवाल्यांनी दिलेलं ढगळ नारिंगी जाकीट घालून, वळणाच्या आतल्या बाजूला उभी राहून, ती त्या होकाराला मनातल्या मनात शिव्या घालत होती. शेजारी तसलंच जाकीट घातलेले झेंडेवाले काका उभे होते. फेऱ्या पाचच होत्या, म्हणजे फोटोला संधीही पाचच.

झेंडा पडला आणि दहा गाड्या एकदम बोंबलल्या. वहिनीने आधी कान झाकले, मग कॅमेरा उचलला.

पहिल्या फेरीला तिने दुकानातल्या सवयीने शटर इतकं जलद ठेवलं, की चाकाची तार न् तार मोजून घ्यावी. फोटो लख्ख आला. फक्त भिंगरी गाडी स्टँडवर लावून कुणाची तरी वाट बघत बसलीय, असं वाटत होतं.

"ताई, शटर हळू करा आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवा," काका ओरडले. "कमरेतून वळा!"

दुसऱ्या फेरीला वहिनी कमरेतून अशी काही वळली, की पुरती गिरकी घेऊन काकांवरच येऊन थांबली. वेगाने पळणाऱ्या कानाचा फोटो निघाला. तिसऱ्या फेरीला चिखलाचा एक गोळा थेट तिच्या तोंडावर बसला आणि फोटो आला तो भलतीचाच, कारण एव्हाना दहाही जणी एकाच रंगाच्या झाल्या होत्या. वहिनी माती थुंकली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण केव्हापासून मोठमोठ्याने हसतोय. कुणाला ऐकू जात नव्हतं, म्हणून तिने आणखी मनसोक्त हसून घेतलं.

चौथ्या फेरीला ती लेन्स पुसत बसली आणि गाड्या निघून गेल्या. पण त्या जाता जाता तिला जे दिसलं, त्याने रुमाल तिच्या हातातून पडला. भिंगरी तिसरी होती!

शेवटची फेरी. वहिनी गुडघ्यावर बसली. तिघी वळणावर आल्या, मागची चाकं घसरत, डावे बूट जमिनीला घासत. आणि वहिनीने, बावीस वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकासमोर केलं होतं तेच केलं. डावा हात उंच केला, दोन बोटं लेन्सच्या वर धरली आणि ओरडली, "इकडे बघा!"

आता या ट्रॅकवर नारिंगी जाकीटवाल्याने हात वर केला, तर त्याचा अर्थ असा, की पुढे कुणीतरी पडलंय, हळू घ्या. पुढच्या दोघींनी शहाण्यासारखी गाडी आवरली. भिंगरीने मात्र शाळेच्या ओळखपत्रापासून आजवरचे सगळे फोटो याच हाताकडे बघून काढून घेतले होते. तिने हनुवटी खाली घेतली, वहिनीकडे बघितलं आणि गाडी पिळली. वहिनीने बटण दाबलं.

भिंगरी पहिली आली.

वहिनीने कॅमेऱ्यात बघितलं. मागचं सगळं रेघा रेघा होऊन पळत होतं आणि त्यात भिंगरी कशी, ठसठशीत! गॉगलमागचे डोळे सरळ समोर, हसरे. अशी सुंदर तर ती स्वतःच्या लग्नातही दिसली नव्हती. मागे त्या दोघी, ब्रेक दाबलेल्या. आणि वरच्या कोपऱ्यात वहिनीची दोन बोटं.

तेवढ्यात पंच तरातरा आले. हात वर असतानाही भिंगरीने गाडी आवरली नाही, अशी त्या दोघींनी तक्रार केली होती.

"माझा हात खाली होता," काका शपथेवर म्हणाले.

"मग वर कुणाचा होता?" पंचांनी विचारलं आणि ते पलीकडच्या झेंडेवाल्याकडे वळले.

आपला हात म्हणजे धोक्याचा इशारा होता, हे वहिनीला आत्ता कळलं. भिंगरी लंगडत, ओरडत, चिखलाने माखलेली वहिनीच्या गळ्यात पडली, तेव्हा वहिनीने तिच्या कानात सगळं सांगितलं. "कुणाला कळणार नाही गं. फोटो पुसून टाकू?"

भिंगरीने कॅमेरा हिसकावून घेतला. बघितलं. आणि बघतच राहिली, एका जागी, कितीतरी वेळ.

"ही मी आहे?"

"तूच. पण पहिला नंबर जाईल बघ."

"पुसशील तर याद राख," भिंगरी म्हणाली आणि दुखऱ्या पायाने पंचांकडे पळत सुटली. वहिनी मागून धावली. धावताना तिला हसू आवरत नव्हतं.

पंचांनी चष्मा वर केला, कॅमेरा डोळ्यांजवळ धरला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा हात..."

"हात मग बघा हो," भिंगरी म्हणाली. "आधी मला बघा!"