आपला म्हणून कापलेले मार्क

विश्वाससरांनी धम्मदीपला शंभरपैकी अठ्ठावन्न मार्क दिले आणि माझं डोकं फिरलं. साठच्या खालचा अहवाल कुठलाही क्लब वाचायचे कष्ट घेत नाही. म्हणजे सरांनी त्या पोराला नुसतं मागे ठेवलं नव्हतं, दाराबाहेरच उभं केलं होतं.

आमचं ऑफिस इथे परदेशात, तोआ पायोहला, हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या बाजाराच्या, मागच्या इमारतीत. काम एकच. कॉलेजात बास्केटबॉल खेळणारी मुलं व्यावसायिक लीगमध्ये टिकतील की नाही, ते क्लबांना सांगायचं. वर्षातून एकदा लीगचा ड्राफ्ट होतो. क्लब आळीपाळीने नवी मुलं निवडतात, आणि ज्याचं नाव पुकारलं जात नाही तो गुपचूप घरी जातो. निवडताना आमचे अहवाल त्यांच्यासमोर असतात. दोघांनी वेगवेगळं बघायचं, मग एकमत करायचं आणि खाली दोघांनी सह्या करायच्या, अशी आमची पद्धत. सर पुण्याचे, जुने कोच. मी राणी, नागपूरची, एके काळी विद्यापीठाच्या संघातून खेळलेली. माझी जीभ तिखट आहे, हे सरांना मला नोकरीवर घेतानाच कळलं होतं.

धम्मदीप सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा, संघातला सगळ्यात उंच गडी. सहा फूट दहा इंच, तेही अनवाणी. मी स्वतः स्टुलावर चढून मोजलं होतं. इथल्याच विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. वडील शिवदास तुआसच्या एका कारखान्यात इंजिनिअर. बापलेकांचं आधीच ठरलं होतं. ड्राफ्टमध्ये नाव आलं तर खेळायचं, नाही आलं तर तुआसला एक नोकरी तयार होती, ती धरायची आणि बॉल कपाटावर टाकायचा.

"पाय मंद आहेत त्याचे," सर म्हणाले.

"आहेत."

"फ्री थ्रो चुकवतो."

"निम्मे चुकवतो. मान्य. पण सर, गेल्या महिन्यात त्या दुसऱ्या सेंटरला तुम्ही बहात्तर दिलेत. त्याचे पाय काय हरणाचे होते?"

सरांनी चष्मा काढून पुसला. उत्तर टाळायचं असलं की ते चष्मा पुसतात.

"राणी, अहवालावर वर मुलाचं नाव मराठी. खाली सह्या दोन, दोन्ही मराठी. क्लबवाले काय म्हणतील? आपल्या पोराला वर चढवलं म्हणतील. आपला असला की जास्त कडक तपासायचं असतं. माझी आई माझ्याच शाळेत शिकवायची. माझा पेपर तिच्याकडे आला की दोन मार्क कापूनच द्यायची. माझं काही बिघडलं का?"

हा किस्सा मी कितीदा तरी ऐकला होता. सर तो अभिमानाने सांगतात. अशा शिक्षिका आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि लोक त्यांचं तोंड भरून कौतुक करतात. त्या दिवशी मला मात्र त्या माउलीचा मनापासून राग आला.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"मग मला न दिसलेलं काहीतरी दाखव. सगळे व्हिडिओ मी पाहिलेत. ड्राफ्ट आठवड्यावर आलाय."

व्हिडिओ पाहताना आवाज बंद ठेवायचा, हा सरांचाच नियम. हॉलमधलं संगीत, निवेदकाचा आरडाओरडा, प्रेक्षकांच्या शिट्ट्या यांनी माणूस भुलतो, असं ते म्हणतात. आणि ते खरंही आहे. त्यामुळे ऑफिसात आम्ही सगळ्या मॅच मुक्याच पाहतो.

मुलाच्या घरी जाऊन बोलणं हाही आमच्या कामाचा भाग असतो. दुसऱ्या दिवशी मी वुडलँड्सला त्यांच्या फ्लॅटवर गेले. शिवदासभाऊंनी "जय भीम, ताई" म्हणत आत घेतलं. धम्मदीप आतल्या खोलीतून दाराखाली वाकून बाहेर आला आणि सोफ्यावरही वाकूनच बसला.

"व्यावसायिक का खेळायचंय तुला?" मी विचारलं.

"आय लाइक, लाह," तो इथल्या पद्धतीच्या इंग्रजीत म्हणाला. संपली मुलाखत.

"घरात असाच आहे हा," त्याची आई लताताई मला लिफ्टपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली. "भात वाढू का म्हटलं तर मान हलवते. बाप्पा, मला तर कधी कधी वाटते, याचा आवाज कसा आहे तेच मी विसरून जाईन."

मी खट्टू होऊन परतले. हट्टाने सही अडवून बसले होते, आणि हातात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. पण माघार घ्यायची नाही, एवढं नक्की होतं. पायांसाठी तरी पुन्हा बघू, म्हणून मी त्याच्या सरावाला जाऊन कोर्टाच्या अगदी कडेला बसले.

"लेफ्ट, मिंग, लेफ्ट! स्क्रीन कमिंग, गो अंडर लाह! आय गॉट बॉल, आय गॉट बॉल!"

कोच ओरडतोय असं वाटून मी वळून पाहिलं. कोच बाटलीतून पाणी पीत होता. ओरडत होता धम्मदीप. घरात मान हलवणारं ते पोर इथे एक क्षण गप्प बसत नव्हतं. सेंटर सगळ्यांच्या मागे उभा असतो, त्याला अख्खं कोर्ट दिसतं. पुढच्या चौघांना आपल्या पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही. तिथे कोण स्क्रीन लावून, म्हणजे वाट अडवून उभा राहतोय, कोण सुटून आत घुसतोय, हे धम्मदीप त्यांना घडायच्या आधी सांगत होता, आणि ते मागे न बघता वळत होते. पाय मंद असूनही तो वेळेवर का पोचतो, ते मला तिथे कळलं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

पुढच्या सरावाला मी सरांना ओढतच नेलं. मेट्रोत ते अख्खी वाट कुरकुरत होते. कोर्टाच्या कडेला बसल्यावर मी म्हटलं, "डोळे मिटा."

"हा काय पोरखेळ?"

"ऑफिसात तुम्ही कान बंद ठेवता ना? आज डोळे बंद ठेवा."

सरांनी डोळे मिटले, माझ्यावर उपकार केल्यासारखे. धम्मदीपचा आवाज सुरू होता. थोड्या वेळाने सरांचं बोट गुडघ्यावर हलायला लागलं. डावीकडे, उजवीकडे, मग मधोमध. मी कोर्टाकडे पाहिलं. बॉल सरांच्या बोटाबरोबर फिरत होता.

मग कोचने धम्मदीपला विश्रांतीसाठी बाकावर बसवलं. आवाज थांबला. लाकडी फरशीवर नुसते बूट किंचाळायला लागले. समोरच्यांनी एक बास्केट केलं, लगेच दुसरं केलं.

"बसवलं ना त्याला?" सरांनी डोळे न उघडता विचारलं.

"हो."

"कळलं," ते म्हणाले.

परतताना आम्ही हॉकर सेंटरमध्ये कॉफी घेतली. सरांनी साखर ढवळली. मग म्हणाले, "पाच वाढवतो. त्रेसष्ट."

"लायकी किती आहे त्याची?"

"सत्तरच्या पुढे. पण राणी, आपला—"

"सर, आमच्याही घरात मार्क कापले गेलेत. माझ्या वडिलांचे गेले, माझेही गेले. परके म्हणून गेले. 'आपला' म्हणून ज्याचे कापले, असं हे पहिलंच पोर मी बघतेय. त्याला काय फरक पडणार आहे? मार्क तेवढेच जातात."

सरांनी चष्म्याकडे हात नेला.

"आणि तुमच्या मनात असेल की राणी त्याची बाजू घेते, कारण तीही त्याच्याच समाजातली. म्हणा ना."

"मी असं म्हटलं नाही."

"नाही म्हटलंत. म्हणून मीच म्हटलं." मी कप बाजूला सारला. "त्याचे पाय मंद आहेत, लिहा. फ्री थ्रो चुकतात, तेही लिहा. मला त्याच्यासाठी एकही फुकटचा मार्क नको. त्याचे आहेत तेवढे द्या."

सरांनी चष्मा पुसला नाही. त्यांनी चमचा बशीत ठेवला.

"सातवीत पहिल्या येणाऱ्याला संस्थेची शिष्यवृत्ती असायची," ते म्हणाले. "माझी एका मार्काने गेली. संध्याकाळी आईने मला पेढा दिला. म्हणाली, आता कुणी नावं ठेवणार नाही."

"तुम्ही काही बोललात तिला?"

"नाही. पण पेढा खाल्ला नाही मी."

हा भाग त्यांनी ऑफिसात कधी सांगितला नव्हता. आम्ही वर आलो. सरांनी बसल्या बैठकीला अहवाल नव्याने लिहिला. मंद पाय होते तिथेच ठेवले, फ्री थ्रोचं वाक्य उलट आणखी कडक केलं, आणि आवाजावर अख्खा परिच्छेद लिहिला. खाली मार्क टाकले त्र्याहत्तर. या वेळी त्यांनी आधी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

ड्राफ्ट शनिवारी दुपारी एका हॉलमध्ये झाला. आम्ही दोघं आणि धम्मदीपच्या घरचे एकाच रांगेत बसलो होतो. पहिली फेरी संपली, धम्मदीपचं नाव आलं नाही. दुसरी फेरी अर्धी झाली तरी आलं नाही. शिवदासभाऊ आपल्या बुटांकडे बघत होते, लताताई मुलाच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. सर सरळ समोर बघत होते, पण त्यांचं बोट गुडघ्यावर थांबत नव्हतं.

फेरी संपत आली तेव्हा नाव पुकारलं गेलं. लताताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. धम्मदीप उठून मंचावर गेला. क्लबची टोपी घातल्यावर कुणीतरी त्याच्यासमोर माइक धरला. तो त्यासाठीही वाकला.

"थँक यू," तो म्हणाला आणि मागे सरकला. सगळा हॉल पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. ते आलंच नाही.

त्याला घेणाऱ्या क्लबचा मॅनेजर आमच्याच पुढच्या रांगेत होता. तो मागे वळला आणि सरांना इंग्रजीत म्हणाला, "तुमच्या अहवालात तर लिहिलंय, हा बोलतो."

"त्याच्या माणसांच्या पाठीमागून कुणी येत असेल तर बोलतो," सर म्हणाले.

मॅनेजर हसून पुढे वळणार होता. तेवढ्यात, कुणी काही विचारलेलं नसताना, सर आजूबाजूच्या चार खुर्च्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "आमच्याकडचा मुलगा आहे तो."