सद्भावना सोसायटीचे लाल पापड

गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती, तरी जिन्यावरून माणसं वर येतच होती. घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर आमची सात मजली सद्भावना सोसायटी. लिफ्ट बंद. एरवी दुसऱ्या मजल्यावर जायचं म्हटलं की ज्यांचे गुडघे बोलायला लागतात, ती मंडळीसुद्धा वर येऊन पुढच्या रांगेत उभी होती. चमत्कार बघायला गुडघे लागत नाहीत.

चमत्कार प्लास्टिकच्या कागदावर वाळत होता. उडदाचे पापड. पिवळे, गोल, आणि जवळजवळ प्रत्येकावर लाल ठिपके.

"रक्त आहे," कुणीतरी म्हणालं.

"रक्तच. वरून पडलंय."

"वरून म्हणजे कुठून? विमानातून?" मी विचारलं. "का पापडाचा घोळणा फुटला?"

कुणी हसलं नाही. चमत्काराच्या गर्दीत विनोद करणारी बाई म्हणजे मयताला शिट्टी वाजवणारी. सेक्रेटरी नंदकिशोर मोबाईलवर पापडांचे फोटो काढत होता. ते फोटो पापडांच्या आधी सगळ्या डोंगरावर पोचले.

हे पापड आमच्या बायकांच्या गटाचे. पूर्वी ह्याच जागेवर चाळ होती, तेव्हापासून आम्ही एकत्र लाटतो. मी, नंदकिशोरची बायको कुंदा, मालवणच्या शेवंतीकाकी, पहिल्या मजल्यावरची ॲग्नेस आणि चौथ्या मजल्यावरची नफीसा परकार. नफीसा खेडची. तिचं मराठी माझ्यापेक्षा ठणठणीत. सोसायटीत दरवर्षी सर्वधर्म स्नेहमेळावा होतो. तीन धर्मांचे तीन पाहुणे येतात, हात धरून फोटो काढतात आणि तीन गाड्यांतून तीन दिशांना जातात. त्याला एकोपा म्हणतात. आम्ही बायका लाटता लाटता एकमेकींच्या सासवांना नावं ठेवायचो, त्याला कुणी काहीच म्हणत नव्हतं.

पीठ मळायचं काम नफीसाचं. पापडाला पापडखार लागतो, त्याचं पाणी हाताला झोंबतं, कातडी सोलते. आम्ही सगळ्या लाटायला पुढे; खाराच्या पाण्यात हात घालायला ती एकटी. ह्या खेपेला दुकानदाराने पिवळे पापड मागितले होते, म्हणून आम्ही पहिल्यांदाच पिठात हळद घातली. नेहमीसारखं नफीसानेच मळलं. आणि दुसऱ्या दिवशी हे ठिपके.

रमजानचा महिना होता. संध्याकाळपर्यंत जिन्यात कुजबुज सुरू झाली. पीठ कुणी मळलं होतं? कुणाचा हात लागला होता? आमच्यातल्या कुणीही तिला जाऊन विचारलं नाही, की बाई, काय झालं असेल गं? चौथा मजला काही चंद्रावर नव्हता.

नंदकिशोरने त्याऐवजी मुलुंडहून शिवदास महाराजांना बोलावलं.

महाराज आले. भगवं रेशमी उपरणं, हातात दांड्याला लिंबू-मिरची बांधलेला त्रिशूळ, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. आल्या आल्या त्यांनी चहा घेतला आणि कुंदाला गोड आवाजात विचारलं, "माई, कामाची वाटणी कशी आहे तुमची? कोण लाटतं, कोण मळतं, खार कोण बघतं?" कुंदाने सगळं सांगितलं. दिव्यदृष्टी असलेल्या माणसाला एवढ्या चौकशा कशाला लागतात, हे तिला सुचलं नाही.

मग गच्चीच्या मधोमध पाट, पाटावर काचेचा मोठा बाऊल, त्यात पिवळंधमक पाणी.

"ॐ ह्रीं क्लीं फट् स्वाहा!" महाराज गरजले. "हे पाणी मन ओळखतं, माईंनो. हे आधार कार्ड विचारत नाही, पत्ता विचारत नाही. निर्मळ मनाचं बोट लागलं तर पाणी सोनं. कपटी मनाचं लागलं तर रक्त!"

"आणि दोन्ही असलं तर? केशरी?" मी म्हटलं.

"वसुधा, गप गं," कुंदा म्हणाली.

त्यांनी घरून आलेल्या आम्हा सगळ्यांना बोट बुडवायला लावलं. कुंदा, ॲग्नेस, शेवंतीकाकी, मी. पाणी पिवळंच. प्रत्येक बोटानंतर गर्दी "जय हो" म्हणत होती. एवढ्या शुद्ध मनाच्या बायका एका सोसायटीत सापडल्याचा लोकांनाच आनंद झाला होता.

"ती दुसरी माई कुठे आहे?" महाराजांनी विचारलं.

नफीसा पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत होती. बाकीच्यांनी काम टाकलं होतं; ही हट्टी बाई पुढच्या घाण्यासाठी खाराचं पाणी गाळत बसली होती. नंदकिशोरने हाक मारली. ती हात धुवायला नळाकडे वळली.

"नाही, नाही!" महाराज ओरडले. "जशी आहेस तशीच ये. हात धुतलेस तर कपट धुऊन जाईल!"

"कपट नळाच्या पाण्याने जात असेल तर बरंच आहे की," नफीसा म्हणाली. "आणा, कुठे घालायचं बोट? मला काय भीती?"

तिने ओला पंजाच बाऊलमध्ये घातला. हाताभोवती लाल ढग उठला, पसरला आणि बघता बघता अख्खा बाऊल रक्तासारखा झाला.

गच्चीवर एकदम कल्ला. मी ओरडले, "अहो, तिचा हात खाराचा आहे, काहीतरी त्याचंच असेल!" पण नेमकं काय, ते मला सांगता येईना. आणि "काहीतरी असेल" ह्या शब्दांना गर्दीत किंमत नसते. महाराजांनी उपाय सांगितला: उद्या शांती करायची, आणि ह्या बाईची सावली गच्चीवर पडता कामा नये.

नफीसा स्वतःच्या हाताकडे बघत होती. मग तिने आमच्याकडे बघितलं, एकेकीकडे. आणि ती जिना उतरून गेली.

त्या गडबडीत बाऊल कलंडून माझ्या पदरावर ते पाणी सांडलं होतं. घरी आले तेव्हा त्याचा रंग उतरून पिवळट डाग राहिला होता. चरफडत साडी मोरीत टाकली, साबण घासला, आणि डाग लालभडक झाला.

मी साबण हातात धरून तशीच बसले. पहिल्यांदा हसू आलं, मग इतका संताप आला की बादली लाथाडली. हळद! नुसती हळद! साबणाने हळदीचा डाग लाल होतो, हे ह्या महाराष्ट्रातल्या कुठल्या बाईला माहीत नाही? वरणाचे डाग, लग्नातल्या हळदीचे कपडे, आयुष्यभर मोरीत हेच बघितलं आम्ही. सगळ्यांनी. मीसुद्धा. साबणात क्षार असतो, पापडखार तर क्षारच. पण एका माणसाने भगवं उपरणं पांघरून मंत्र म्हटला, की बायका मोरीतलं शहाणपण मोरीतच ठेवून येतात.

मी दहावीनंतर शाळा बघितली नाही. पुढचं वाचलं ते वाचनालयातून आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. तरी खात्री करायची म्हणून वाटीत हळद कालवली. चिमूटभर पापडखार टाकला: लाल. लिंबू पिळलं: परत पिवळी. मग कोरड्या हळदीच्या पिठात खाराचे खडे तसेच दाबून पाणी शिंपडलं. दहा मिनिटांत तेच ठिपके. चतुर्थीच्या चंद्रासारखे, नको तेव्हा बघितलेले.

दुसऱ्या दिवशी शांतीला गच्ची पुन्हा भरली. महाराज आसनावर बसले, पुढ्यात पुन्हा पिवळ्या पाण्याचा बाऊल. नफीसा अर्थातच नव्हती. मी साबणाची वडी आणि तांब्या घेऊन पुढे गेले.

"महाराज, शांतीला यजमान शुद्ध हवा ना? सेक्रेटरींना हात धुवायला लावते."

"जरूर, जरूर," महाराज बेसावधपणे म्हणाले.

नंदकिशोरने भरपूर फेस केला. पाणी घालायच्या आत मी त्याचं मनगट धरलं आणि फेसासकट हात बाऊलमध्ये घातला.

पाणी लाल.

"अगं बाई!" मी म्हटलं. "सेक्रेटरींच्या मनात कपट! मेन्टेनन्सच्या मीटिंगला मला शंका आलीच होती."

"ए, हे काय आहे?" नंदकिशोर हात झटकत ओरडला. "महाराज, माझं मन साफ आहे हो!"

"माई, हा साबणातला दोष..." महाराज म्हणाले.

"मन गेलं आणि आता साबण आला? काल तर पाणी मन ओळखत होतं." मी त्यांच्याच त्रिशूळाचं लिंबू तोडलं, दाताने फोडलं आणि बाऊलमध्ये पिळलं. लाल पाणी फिकट होत होत पुन्हा पिवळं झालं. "घ्या. सेक्रेटरी निर्मळ झाले. एका लिंबात."

तेवढ्यात शेवंतीकाकी पाट सरकवून पुढे आल्या. "अगो, ह्या तर माझ्या लुगड्याक रोज होता!" त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या. "हळदीर साबण लागलो काय लाल! अगो, माका म्हातारीक काल सुचाक नाय गो!"

मग मी सगळं मांडलं. हळद, खार, पापडावरचे ठिपके, आणि हात न धुता बोलावण्यामागचं कारण. शेवटी जादूटोण्याविरुद्ध राज्यात कायदा आहे, हेही सांगितलं. महाराज तोवर बूट घालून उभे होते. "विज्ञानाला मर्यादा असतात, माई," ते म्हणाले. जिन्यावरून मात्र ते मर्यादा सोडून उतरले.

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मला वाटलं होतं, इथे गोष्ट संपेल. माझा संताप खरा इथून सुरू झाला.

"चला, गैरसमज दूर झाला!" नंदकिशोर म्हणाला. "ह्या वर्षीच्या स्नेहमेळाव्यात नफीसाभाभींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. मस्त फोटो येईल."

आम्ही चौघी नफीसाकडे गेलो. कुंदाच्या हातात झाकलेलं ताट. दार उघडून नफीसा उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"अगं, ती हळद होती," मी म्हणाले. "सिद्ध केलं मी, सगळ्यांसमोर."

"कळलं. टाळ्या इथपर्यंत आल्या." ती थांबली. "म्हणजे पाणी हळदीचं निघालं, म्हणून मी चांगली. नसतं निघालं तर, वसुधा?"

माझ्याकडे वाटी, खार, लिंबू, सगळं होतं. ह्या प्रश्नाला त्यातलं काहीच लागू पडेना.

"मला शाल नको," ती म्हणाली. "माझ्याबद्दल कोण काय बोललं, ते माझ्या घरात बसून माझ्या तोंडावर सांगा. जमत असेल तर या. नाहीतर तुमचे पापड तुम्ही लाटा."

आम्ही आत गेलो. चटईवर बसलो. पाहुणे नाहीत, माईक नाही.

"खार मी घातला होता," कुंदाच एकदम म्हणाली. "ही म्हणत होती, उकळून गाळून घालू. मला लग्नाला जायचं होतं. हिची पाठ वळल्यावर मी खडे तसेच पिठात ओतले. आणि ठिपके आले तेव्हा गप्प बसले. मग ते मोबाईलवर येतात ना, तुम्ही लोक खाण्यात काय काय घालता म्हणून... ते खरं वाटलं. पुढे पण पाठवलं."

"आठ वर्षं माझ्या हातचं खातेस," नफीसा म्हणाली.

"हो ना गं." कुंदा रडायला लागली.

ॲग्नेस म्हणाली, "मी काय बोलले नाही. पण हे तुमचं चाललंय, आपण कशाला मध्ये, असं वाटलं. उद्या माझा नंबर लागला असता तर सगळ्यांनी हेच म्हटलं असतं."

नफीसाने ओढणी सारखी केली. "आता माझं ऐका. तुमच्या सत्यनारायणाचा प्रसाद मी हसून घेते, आणि खाली मांजराला घालते. खाल्ला तर चालतो की नाही, मला नक्की माहीत नाही. तुम्हाला सांगितलं तर राग येईल म्हणून कधी बोलले नाही."

कुंदाने डोळे पुसून वर बघितलं.

"म्हणानच ता मांजार एवढा गुटगुटीत!" शेवंतीकाकी म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्या घरात हसू फुटलं. "अगो, सांगलस असता तर तुका साधी केळी दिली असती. देवाक काय राग येवचो नाय."

अजान होईपर्यंत आम्ही बसलो. बरंच निघालं, सगळं गोड नव्हतं. एक-दोन गोष्टींवर कडकडून भांडलो, आणि त्या अजून मिटलेल्या नाहीत. निघताना नफीसा म्हणाली, "सोमवारी येते. पण खारात हात आता पाळीपाळीने घालायचे. पहिली पाळी कुंदाची."

कुंदा आली. तळहाताची साल निघाली तिच्या.

सत्काराला नफीसा गेली नाही. नंदकिशोर अजून म्हणतो, फोटोची संधी हुकली.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. हळदीत खार पडला की ती लाल होते, मळणाऱ्याचा देव कुठलाही असो. पुढ्यात असा चमत्कार आला तर "हे मी घरी कधी बघितलंय का?" एवढं आठवा. बऱ्याचदा बघितलेलं असतं. आणि शेजाऱ्याबद्दल काही कानावर आलं तर आधी त्याला विचारा. राग येईल त्याला, येऊ दे. महाराजाला बोलावण्यापेक्षा दार वाजवणं सोपं आहे, आणि चौथ्या मजल्यावर जायला लिफ्टही लागत नाही.

परवा खालच्या सोसायटीत नारळातून धूर निघाला म्हणे. तिथेही कुणाचं तरी नाव घेतलं जातंय. तो धूर कसा काढतात हे दाखवायला मी पिशवीत नारळ टाकून निघाले आहे. कंटाळा आलाय, खरंच आलाय. पण जाते.